इथेनॉलमधलं तांबं पकडायला उसाचं चिपाड: बनवण्यापासून मोजण्यापर्यंत

पेट्रोलमध्ये मिसळायच्या निर्जल इथेनॉलमध्ये तांबं किती चालतं? भारतीय मानक आयएस १५४६४ प्रमाणे किलोमागे जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम. अमेरिकन आणि युरोपीय मानकांतही मर्यादा एवढीच आहे. ब्राझीलची त्याहून कडक, ०.०७. एवढ्याशा तांब्याची धास्ती घ्यायचं कारण असं की तांबं पेट्रोलच्या ऑक्सिडेशनला उत्प्रेरक ठरतं. साठवलेल्या इंधनात त्यामुळे डिंकासारखा चिकट गाळ लवकर तयार होतो आणि तो इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. डिस्टिलरीत तांबं येतं ते बहुधा जुन्या डिस्टिलेशन कॉलममधल्या तांब्याच्या ट्रे-कॅप, कंडेन्सरच्या नळ्या आणि पितळी व्हॉल्व्ह यांतून. इथेनॉल जरासं आम्लधर्मी झालं की हे धातू हळूहळू सुटू लागतात.

अडचण मोजण्यात आहे. ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे लिटरमागे साधारण ०.०८ मिलिग्रॅम. ज्वाला वापरणाऱ्या साध्या अ‍ॅटॉमिक अब्सॉर्प्शन यंत्रावर, म्हणजे एएएसवर, एवढ्या तांब्याचं अब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप, ०.०१ च्या आसपास येतं. त्यात यंत्राचा गोंगाट किती आणि तांबं किती, हे सांगता येत नाही. ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी (प्लाझ्मा वापरून धातू मोजणारं यंत्र) असेल तर प्रश्न सुटतो, पण प्रत्येक कारखान्याच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती यंत्रं नसतात. मग उपाय एकच उरतो, बऱ्याचशा इथेनॉलमधलं तांबं थोड्याशा आम्लात गोळा करायचं. ते गोळा करणारा पदार्थ उसाच्याच चिपाडापासून बनवता येतो. ब्राझीलमध्ये ऊस आणि इथेनॉल दोन्ही मुबलक, त्यामुळे चिपाड आणि सेल्युलोज यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून धातू पकडण्याचं बरंच काम तिथे झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर भागात तर कच्चा माल दाराशीच पडलेला असतो.

खाली दिलेली पद्धत सायट्रिक आम्लाची आहे. सक्सिनिक अनहायड्राइड, ईडीटीए डायअनहायड्राइड वगैरे प्रकार याहून जास्त तांबं धरतात, पण त्यांना पिरिडीन किंवा डायमिथाइलफॉर्मअमाइडसारखे द्रावक लागतात. एवढ्या कामासाठी त्या विषारी वासात उभं राहण्यात अर्थ नाही. हिशोब केला तर मर्यादेवरच्या नमुन्यातही २०० मिलिमागे जेमतेम १६ मायक्रोग्रॅम तांबं असतं, म्हणजे पाव मायक्रोमोल. ते धरायला सायट्रिक आम्लाचं चिपाड हजारपटीनं पुरून उरतं. काम बिघडतं ते क्षमता कमी पडल्यानं नाही, तर बाहेरून शिरलेल्या तांब्यानं आणि न फुगलेल्या धाग्यांनी. पुढच्या बहुतेक सूचना या दोन शत्रूंसाठीच आहेत.

चिपाड निवडणं आणि धुणं

कारखान्याच्या गाडीतून उचललेल्या चिपाडात माती असते आणि रोलरचं लोखंडही. रसवंतीचं चिपाड तुलनेनं स्वच्छ. शक्य असेल तर सोललेल्या उसाचं घ्या. सालीवर मेण आणि सिलिका जास्त असते. ५० ग्रॅम कोरडं चिपाड घेऊन सुरुवात करा. चाळण्यात आणि धुण्यात बराच भाग जातो, पण शेवटी प्रक्रियेला लागणारे १० ग्रॅम आरामात हाती येतात.

चिपाड उन्हात वाळवा, कात्रीनं बारीक तुकडे करा आणि स्टीलच्या पात्याच्या मिक्सरमध्ये दळा. आता चाळणी. इथे पहिलाच सापळा आहे, कारण प्रयोगशाळेतल्या बऱ्याच जुन्या चाळण्या पितळी असतात. तांबं मोजायला निघालो आणि माल पितळेवर घासला तर पुढचं सगळं वाया गेलं. स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची जाळी वापरा. ४२५ मायक्रॉनच्या जाळीतून खाली पडलेला आणि २५० मायक्रॉनच्या जाळीवर राहिलेला भाग ठेवा. याहून बारीक भुगा, ज्याला कारखान्यात बगॅसिलो म्हणतात, तो कॉलम, म्हणजे पुढे ज्यातून इथेनॉल सोडायचं ती चिपाड भरलेली नळी, बुजवतो. जाड धाग्यांत तांबं आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

आता धुलाई. आधी डिस्टिल्ड पाण्यात ६० ते ७० अंश सेल्सिअसला तासभर ढवळायचं, आणि प्रत्येक वेळी पाणी बदलून असं तीनदा करायचं. साखर राहिली तर ओव्हनमध्ये तिचं कॅरॅमल होईल आणि रंग पाहून काहीच कळणार नाही. मग सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक उकळून तेच पुन्हा पुन्हा मालावर फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, इथेनॉलनं सहा तास. ही पायरी कंटाळवाणी म्हणून गाळली जाते आणि नंतर नमुना कॉलममधून पिवळा होऊन बाहेर येतो. मेण, रंग, फिनॉलिक पदार्थ हे सगळं इथेनॉलमध्ये विरघळणारं आहे. ते आत्ता काढलं नाही तर नमुन्यातलं इथेनॉल ते काढेल, आणि फिनॉलिक पदार्थ जाताना थोडं तांबंही बरोबर घेऊन जातील.

त्यानंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ग्रॅमला २० मिलि, साध्या तापमानाला एक तास. अल्कलीनं हेमिसेल्युलोजवरचे अ‍ॅसिटिल गट सुटतात, थोडं लिग्निनही जातं आणि सायट्रिक आम्लाला चिकटायला मोकळे हायड्रॉक्सिल गट मिळतात. पाणी तांबूस-पिवळं होईल, ते अपेक्षितच आहे. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत धुवा. शेवटी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवा, म्हणजे उसानं मातीतून ओढलेलं लोह, कॅल्शियम, तांबं निघून जाईल. पुन्हा डीआयोनाइज्ड पाण्यानं धुऊन ६० अंशाला वाळवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. जुन्या डिस्टिलेशन यंत्रांत तांब्याच्या किंवा पितळेच्या जोडण्या असतात. अशा यंत्राचं ‘शुद्ध’ पाणी या कामाला नळाच्या पाण्याइतकंच निरुपयोगी.

सायट्रिक आम्ल चढवणं

०.६ मोलर द्रावण करा. १०० मिलि पाण्यात मोनोहायड्रेट असेल तर १२.६ ग्रॅम, निर्जल असेल तर ११.५ ग्रॅम. बाटलीवर कोणतं लिहिलंय ते वाचा, ही गफलत फार नेहमीची आहे. १० ग्रॅम वाळलेल्या चिपाडाला ७० मिलि द्रावण घाला, अर्धा तास ढवळा, सगळं काचेच्या पसरट भांड्यात ओता. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे नको, सायट्रिक आम्ल त्याला खातं. थर एक सेंटीमीटरहून जाड नसावा. ६० अंशाला रात्रभर सुकवा आणि मध्ये एक-दोनदा काचेच्या कांडीनं हलवा, नाहीतर द्रावण तळाशी साचतं आणि खालचा थर जास्त आम्ल घेतो.

पूर्ण कोरडं झाल्यावरच ओव्हन १२० अंशावर न्या आणि ९० मिनिटं ठेवा. या तापमानाला सायट्रिक आम्लाचा एक पाण्याचा रेणू जातो आणि अनहायड्राइड बनतं. ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलला एस्टर जोडणीनं चिकटतं. त्याच्या तीन कार्बॉक्सिलांपैकी, म्हणजे आम्लगटांपैकी, एक जोडणीत खर्च होतो, दोन तांबं धरायला मोकळे राहतात. पाणी उरलं असेल तर अनहायड्राइड पुन्हा आम्ल होऊन बसतं आणि काहीच चिकटत नाही. म्हणून ‘कोरडं झाल्यावरच’. उलट तापमान किंवा वेळ वाढवला तर मोकळे कार्बॉक्सिलही शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतात. माल कडक, गडद तपकिरी होतो, क्षमता पडते. चांगल्या मालाचा रंग फिकट बदामी. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये कोपऱ्या-कोपऱ्यात फरक असतो, म्हणून थर्मामीटर मालाशेजारी ठेवून तापमान बघा, पॅनेलवरचा आकडा बघून नव्हे.

न चिकटलेलं आम्ल धुवायला १० ग्रॅम मालाला दीड ते दोन लिटर ६० अंशाचं पाणी लागतं, टप्प्याटप्प्यानं. धुणं पुरं झालं का, हे बघायला गाळलेलं ५ मिलि पाणी वेगळ्या परीक्षानळीत घेऊन त्यात ०.१ मोलर लेड नायट्रेटचे चार थेंब टाका. धुरकट झालं तर सायट्रेट अजून निघतंय. पाणी डिस्टिल्डच हवं, कारण क्लोराइड-सल्फेट असलेल्या पाण्यातही शिसं धुरकट होतं. ही नळी मालाच्या जवळपासही नेऊ नका आणि शिशाचा कचरा वेगळा ठेवा. धुतलेला माल ६० अंशाला वाळवून डेसिकेटरमध्ये, झाकणाच्या बाटलीत ठेवा. पावसाळ्यात ओला राहिलेला माल आठवड्याभरात बुरशी धरतो.

चढलं की नाही, ते तपासणं

टायट्रेशन पुरतं. ०.२ ग्रॅम माल १०० मिलि ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बूच लावून अर्धा तास हलवा. जास्त वेळ ठेवलं तर अल्कली एस्टरच तोडू लागते, आणि उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कली खातो. दोन्ही चुकांनी आकडा खोटा फुगतो. गाळून २५ मिलि घ्या आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेट करा. समजा मालाशिवाय २५ मिलि लागलं आणि मालासह १५, तर फरक १० मिलि, म्हणजे ०.१ मिलिमोल. चार पट करून ०.४, आणि ०.२ नं भागून ग्रॅमला २ मिलिमोल. प्रक्रिया न केलेल्या, फक्त धुतलेल्या चिपाडाचंही टायट्रेशन करा. दोन्हींतला फरक ही खरी कमाई. ती १ च्या खाली आली तर माल ओव्हनमध्ये जाताना ओला होता, असं समजून पुन्हा करा.

इन्फ्रारेड यंत्र असेल तर १७३५ प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा कार्बोनिलचा पट्टा वाढलेला दिसेल. पण तुलना अल्कलीनं धुतलेल्या चिपाडाशीच करा. कच्च्या चिपाडात अ‍ॅसिटिलचा पट्टा त्याच जागी असतो, त्यामुळे कच्च्याशी ताडून पाहिलं तर काही चढलंच नाही असं वाटतं.

इथेनॉलमध्ये पाणी घालायचंच

चिपाडाचा धागा पाण्यात फुगतो, निर्जल इथेनॉलमध्ये आक्रसतो. आक्रसलेल्या धाग्याच्या आतल्या कार्बॉक्सिलपर्यंत तांबं पोचतच नाही. फक्त पृष्ठभाग काम करतो आणि नमुना जरा वेगानं गेला की तांबं निसटतं. शिवाय कार्बॉक्सिल आम्लरूपात असेल तर इथेनॉलमध्ये त्याचा हायड्रोजन सहज सुटत नाही. या दोन्हींवर उपाय सोपा आहे. दोन भाग इथेनॉलला एक भाग पाणी घाला आणि माल आधी अमोनियम रूपात आणा.

पाणी घातल्यानं नमुना पातळ झाला, मग तांबं कमी सापडेल, ही भीती अनाठायी आहे. आपण एकूण तांबं गोळा करतोय, घनता मोजत नाही. हिशोब मूळ इथेनॉलच्या वजनावर होतो. म्हणूनच इथेनॉल मापू नका, तोला. २० अंशाला २०० मिलि इथेनॉलचं वजन १५८ ग्रॅम भरतं. एप्रिल-मेच्या ३५-३६ अंशांत तेवढ्याच मापाचं वजन दोन-तीन ग्रॅमनं कमी भरतं. मानकातला आकडा किलोमागे आहे, तेव्हा तराजूच खरा.

मिसळताना द्रावण गरम होतं, बुडबुडे येतात आणि एकूण आकारमान ३०० पेक्षा कमी भरतं. घाबरू नका, पण थंड होऊन बुडबुडे जाईपर्यंत थांबा. नाहीतर तेच बुडबुडे कॉलममध्ये अडकून वाटा पाडतात.

हे सगळं पेट्रोल मिसळण्याआधीच्या इथेनॉलसाठी आहे. ई२० मध्ये पाणी घातलं तर पेट्रोल वर आणि पाणी-इथेनॉल खाली असे दोन थर होतात, मग कॉलममध्ये काय घालणार? हायड्रोकार्बन घालून डीनेचर केलेलं, म्हणजे पिण्याजोगं न ठेवलेलं, इथेनॉलही पाण्यानं दुधाळ होतं. बायोडिझेलचा प्रश्नच वेगळा. त्यात मुख्य त्रास सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा, आणि साबणाच्या रूपातले सोडियम-पोटॅशियम हा माल धरत नाही. तिथे हे चिपाड वापरू नका.

नमुना घेणं

पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवा, डीआयोनाइज्ड पाण्यानं किमान पाचदा विसळा, उलट्या ठेवून वाळवा. बाटलीत आम्लाचा थेंबही उरता कामा नये, आणि हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. तीव्र नायट्रिक आम्ल आणि इथेनॉल एकत्र आले तर मिश्रण तापून उसळतं, बंद बाटली फुटू शकते. याच कारणानं कॉलममधून तांबं सोडवायला आपण नायट्रिक नव्हे, हायड्रोक्लोरिक वापरणार आहोत. इथेनॉलच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये नायट्रिकचं काहीही ओतायचं नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा.

टाकीचा नमुना-व्हॉल्व्ह पितळी असेल तर आधी एक-दोन लिटर वाहू द्या. रात्रभर व्हॉल्व्हमध्ये साचलेल्या इथेनॉलात टाकीपेक्षा जास्त तांबं असतं, आणि चांगलं इथेनॉल नापास होण्याचं हे एक अगदी फुसकं कारण आहे.

कॉलम चालवणं

६ मिलिची प्लास्टिकची रिकामी कार्ट्रिज घ्या, खाली पॉलिथिलीनची जाळी बसवा. ०.३ ग्रॅम माल बीकरमध्ये पाण्यात अर्धा तास भिजवून मग ओता. कोरडा भरून नंतर ओला केला तर तो फुगून घट्ट बसतो आणि थेंबही पुढे सरकत नाही. वर दुसरी जाळी हलकेच टेकवा, दाबू नका. पंपाची नळी सिलिकॉनची घ्या. साधी पीव्हीसीची नळी इथेनॉलनं कडक होते आणि तिच्यातलं मऊ करणारं रसायन नमुन्यात उतरतं. पुढचा क्रम असा:

१. २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलि, मग पाणी २० मिलि. मालातलं उरलंसुरलं तांबं जातं.

२. ०.१ मोलर अमोनियम अ‍ॅसिटेट १५ मिलि, हळूहळू. माल अमोनियम रूपात येतो. नंतर दोनास एक इथेनॉल-पाणी मिश्रण १० मिलि.

३. तोललेलं २०० मिलि इथेनॉल, १०० मिलि पाणी आणि २ मिलि १ मोलर अमोनियम अ‍ॅसिटेट एकत्र करून, थंड करून, मिनिटाला २ ते ३ मिलि वेगानं सोडा. दोन तास लागतात. इथेनॉल-पाण्याचं मिश्रण दोन्हींपेक्षा घट्ट असतं, त्यामुळे शुद्ध इथेनॉलच्या वेगाची अपेक्षा ठेवून व्हॅक्यूम वाढवू नका. कॉलम मध्येच कोरडा पडला तर थांबा, पुन्हा भिजवा आणि नव्या नमुन्यानं सुरू करा.

४. तेच दोनास एक इथेनॉल-पाणी मिश्रण (नमुना नव्हे) ५ मिलि, मग पाणी १० मिलि. ही पाण्याची धुलाई चुकवू नका. कॉलममध्ये इथेनॉल राहिलं तर ते तांब्याच्या द्रावणात येतं. एएएसमध्ये इथेनॉलमिश्रित द्रावणाचा फवारा जास्त बारीक होतो आणि पाण्यातल्या स्टँडर्डच्या, म्हणजे ठरावीक तांबं घालून केलेल्या द्रावणांच्या, तुलनेत आकडा खोटा चढतो.

५. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३ मिलि, तीनदा, दर वेळी दोन मिनिटं थांबून. सगळं १० मिलिच्या फ्लास्कमध्ये गोळा करून त्याच आम्लानं खुणेपर्यंत भरा.

मानकाच्या मर्यादेएवढं आम्ल, म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम अ‍ॅसिटिक, नमुन्यात असलं तरी २०० मिलिमध्ये ते ०.१ मिलिमोलच भरतं. कॉलममध्ये ०.६ मिलिमोल कार्बॉक्सिल आहेत. त्यामुळे नेहमीच्या इथेनॉलमध्ये आम्लाची चिंता नको. जुनं, आंबट झालेलं इथेनॉल असेल तर मात्र अ‍ॅसिटेट दुप्पट करा. पीएच मीटरचा आकडा या मिश्रणात खरा नसतो, फक्त दोन नमुन्यांची तुलना करायला उपयोगी.

मोजणं

तांब्याची रेषा ३२४.८ नॅनोमीटर, हवा-अ‍ॅसिटिलीन ज्वाला. स्टँडर्ड ०, ०.५, १, २ आणि ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, सगळी १ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये. मर्यादेवरच्या नमुन्याचा आकडा १.५८ च्या आसपास येतो, अगदी सोयीच्या जागी. ज्वालेजवळ इथेनॉलची बाटली नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

एएएस नसेल तर निओक्युप्रोइन (तांब्याबरोबर रंग देणारं रसायन) आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर. १० मिलिच्या फ्लास्कमध्ये गोळा केलेलं द्रावण ५ मिलि, १० टक्के हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड १ मिलि, १० टक्के सोडियम सायट्रेट १ मिलि घ्या. अमोनियाचं १:१ द्रावण थेंबाथेंबानं घालून पीएच पट्टीवर ५ च्या आसपास आणा, साधारण पाऊण मिलि लागतं. मग इथेनॉलमध्ये केलेलं ०.१ टक्के निओक्युप्रोइन १ मिलि, खुणेपर्यंत पाणी, दहा मिनिटं थांबून ४५५ नॅनोमीटरला मोजा. पिवळा-नारिंगी रंग येतो. मर्यादेवर एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये अब्सॉर्बन्स ०.१ च्या आसपास येतं, तेव्हा चार किंवा पाच सेंटीमीटरचं क्युव्हेट असेल तर तेच घ्या. लोहाचा त्रास यात होत नाही, कारण निओक्युप्रोइनच्या रेणूवरचे दोन मिथाइल गट लोहाला जवळ येऊ देत नाहीत. स्टँडर्डनाही हीच सगळी रसायनं, याच मापानं घाला.

हिशोबाचं उदाहरण. एएएसवर नमुना १.१०, ब्लँक (तांबं नसलेल्या नमुन्यावर हीच सगळी कृती करून आलेला आकडा) ०.०६. फरक १.०४ गुणिले १० मिलि म्हणजे १०.४ मायक्रोग्रॅम. इथेनॉलचं वजन १५७.६ ग्रॅम. भागाकार ०.०६६ मिलिग्रॅम प्रति किलो. इथेनॉल भारतीय मर्यादेत आहे, ब्राझीलच्या मर्यादेत जेमतेम बसणारं.

ब्लँक आणि रिकव्हरी

ब्लँकसाठी बाजारातलं शुद्ध इथेनॉल वापरायचा मोह होतो, पण त्यातही तांबं असू शकतं. त्याहून चांगली युक्ती म्हणजे कॉलममधून गेलेलं मिश्रणच ताज्या कॉलममधून दुसऱ्यांदा सोडा. आता ते तांब्यापासून मोकळं आहे, आणि बाकी सगळं नमुन्यासारखंच आहे. तिसऱ्या कॉलमवर तेच ब्लँक म्हणून चालवा. असे दहा ब्लँक वेगवेगळ्या दिवशी करून त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट काढली की तुमच्या प्रयोगशाळेची खरी शोधमर्यादा मिळते. दुसऱ्या कुणाची छापील शोधमर्यादा तुमच्या पाण्याला आणि तुमच्या बाटल्यांना लागू होत नाही.

रिकव्हरी, म्हणजे इथे घातलेलं तांबं किती परत मिळालं ते, कारखान्यातली साखरेची नव्हे. नमुन्याच्या दुसऱ्या २०० मिलिमध्ये, पाणी घालण्याआधी, १० मिलिग्रॅम प्रति लिटर तांब्याचं द्रावण १ मिलि घाला. म्हणजे १० मायक्रोग्रॅम. तासभर ठेवून मग पुढची सगळी कृती करा. वरच्या उदाहरणात ब्लँक वजा केल्यावर १.०४ च्या जागी २.०० आलं तर वाढ ०.९६, रिकव्हरी ९६ टक्के. ९० ते ११० च्या आत असेल तर निकाल तसाच द्या. ७० टक्के येते म्हणून आकड्याला ०.७ नं भागून निकाल देणं ही फसवणूक आहे, कारण घातलेलं तांबं आणि नमुन्यात आधीपासून असलेलं तांबं एकाच रूपात असेलच असं नाही.

कुठे बिघडतं

रिकव्हरी कमी आली तर आधी तांबं कुठे गेलं ते शोधा. दोन कार्ट्रिज एकाखाली एक लावून चालवा. खालच्यात पाच टक्क्यांहून जास्त सापडलं तर वरून निसटतंय. वेग कमी करा, पाणी नीट घातलं होतं का ते बघा, मालात बुडबुड्यांच्या वाटा पडल्या आहेत का ते बघा. खालच्यात काही नाही, तर वरच्या कार्ट्रिजमधून आणखी ३ मिलि आम्ल सोडून वेगळं मोजा. त्यात तांबं आलं तर सोडवणं अपुरं होतं, आम्ल २ मोलर करा आणि स्टँडर्डही त्याच आम्लात बनवा. दोन्हीकडे नाही, तर ते बाटलीच्या भिंतीवर बसलंय. रिकामी बाटली १० मिलि १ मोलर हायड्रोक्लोरिकनं विसळून ते मोजा, उत्तर मिळेल. फार दिवस ठेवलेल्या नमुन्यात हे नेहमी होतं.

रिकव्हरी १२० च्या वर गेली तर पाण्याची धुलाई कमी झाली किंवा बाहेरून तांबं आलं. ब्लँक वाढलेलं असेल तर आधी पाणी, मग अमोनियम अ‍ॅसिटेट, मग चाळणी, याच क्रमानं संशय घ्या. अमोनियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणातलं तांबं काढायला ते याच चिपाडाच्या वेगळ्या मोठ्या कॉलममधून एकदा सोडून घेता येतं.

प्रवाह दिवसेंदिवस मंदावत असेल तर वरच्या जाळीवर तपकिरी थर बसलाय का पाहा. तो बहुधा साध्या पोलादाच्या टाकीतला गंज असतो. नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून गाळला तर प्रवाह सुधारतो, पण गंजाला चिकटलेलं तांबंही गाळण्यावर राहतं. मग निकाल ‘विरघळलेलं तांबं’ असा द्यायचा, ‘एकूण तांबं’ असा नाही.

कॉलम पुन्हा वापरता येतो. आम्लानंतर पाणी, मग पुन्हा अमोनियम अ‍ॅसिटेट. एस्टरची जोडणी आम्लात हळूहळू तुटते, अल्कलीत लवकर. म्हणून कॉलम स्वच्छ करायला सोडियम हायड्रॉक्साइड कधीही नको, आणि आम्लात रात्रभर भिजतही ठेवू नका. दर पाच वापरांनंतर रिकव्हरी बघा आणि ९० च्या खाली गेली की फेकून द्या. ०.३ ग्रॅम चिपाडासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही, १० ग्रॅमच्या एका घाण्यातून असे तीस-बत्तीस कॉलम निघतात. प्रत्येक नव्या घाण्याला मात्र वेगळा क्रमांक, वेगळं टायट्रेशन आणि वेगळे तीन ब्लँक. दोन घाण्यांचा माल एका बाटलीत मिसळू नका.